सरकारमान्य लाल

तिची जीभ मला अजून दिसते. दिवसाढवळ्या दिसते. मी भाजी निवडत असते, नाहीतर दवाखान्यात नंबर लावून बसलेली असते, आणि ती समोर येऊन उभी राहते. जीभ बाहेर काढलेली, लालभडक, टोकाशी जरा काळपट. म्हणते, "पाहा वो बाई, उतरला का रंग?" लोक भुताखेतांच्या गोष्टी सांगायला लागले की मी आपली गप्प बसते. माझं भूत साखरेचं आहे, हे कुणाला सांगू? हसतील मेले.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी शेलूबाजारजवळच्या एका गावात शाळेवर लागले. वाशीम जिल्हा तेव्हा वेगळा झालेला नव्हता, सगळा कारभार अकोल्याहून चालायचा. मी चोवीस वर्षांची, विज्ञान शिकवायची. बापानं छप्पनला दीक्षा घेतली तेव्हा मी पाटी घेऊन शाळेत जात होते, आणि आमच्या सगळ्या खानदानात पगाराची नोकरी मिळवणारी मी पहिली. डोक्यात हवा होतीच. खोटं कशाला बोलू?

गावात खोली मिळेना. आडनाव विचारलं की लोकांच्या खोल्या अचानक भरलेल्या निघायच्या. शेवटी एका विधवा बाईनं तिच्या घराची मागची खोली दिली. पन्नाशीची होती, उंच, आवाजानं खणखणीत. मी तिला मावशी म्हणायची, ती मला बाई. घरात तिची लेक, घरजावई आणि दोन नातवंडं. खोली दिली खरी, पण पाणी मागितलं की तांब्या उंबऱ्यावर ठेवून मागं सरायची. तिच्या चेहऱ्यावर राग नसायचा, हात आपोआप तसा चालायचा. मलाही राग यायचा तो गिळून टाकायची. खोली सोडून जाणार कुठे?

मावशीचा धंदा गाठ्यांचा. आमच्याकडे होळीला लेकरांच्या गळ्यात साखरेच्या गाठ्यांचा हार घालतात. घरात तान्हं मूल असेल आणि त्याची पहिली होळी असेल तर मामा वाजतगाजत गाठी घेऊन येतो. मग ते लेकरू दिवसभर हार चोखत बसतं, छाती चिकट, हनुवटी चिकट, माश्या घोंगावताहेत, आणि आई कौतुकानं बघतेय. माघ लागला की मावशीच्या अंगणात साखरेचा वास सुरू व्हायचा. सागवानी साचे पाण्यात भिजत टाकलेले. दोरा साच्यातून ओढून घ्यायचा, वरून कडक पाक ओतायचा, दोन गोष्टी बोलून होतात तोवर गाठी तयार. पांढऱ्या, पिवळ्या, लाल.

शेलूच्या बाजारात तिच्या गाठ्यांना जे नाव होतं ते त्या लाल गाठ्यांचं. त्याचं कारण तिची जीभ. प्रत्येक घाणीतली, म्हणजे पाकाच्या प्रत्येक खेपेतली, पहिली गाठी ती स्वतः एकदा चाटायची, हातातल्या आरशात जीभ बघायची. एका चाटण्यात जीभ रंगली पाहिजे, नाहीतर पाकात आणखी रंग. "पोट्टे एकमेकाले जीभ दाखोतेत वो बाई," ती मला सांगायची. "ज्याची जीभ लाल नाई, त्याची होळी झालीच नाई." पहाटेपासून संध्याकाळपर्यंत पंधरा-वीस घाण्या काढायची, आणि पंधरा-वीस वेळा ती जीभ. दोन महिने तिचं तोंड कायम लाल.

रंग कुठला? तर लुगडी-पातळं रंगवायचा. बाजारात रंगाऱ्याकडे कागदाच्या पुडीत मिळायचा तोच. पिवळाही तोच, लालही तोच. तिच्या आईनं तसं केलं, तिनंही तसंच केलं.

आणि मी काय केलं? सातवीच्या वर्गात मी पोरांना सांगितलं, घरून पिवळी मिठाई घेऊन या. कुणी बुंदी आणली, कुणी जिलबीचा तुकडा, आणि एका पोरीनं मावशीची पिवळी गाठी. गाठी पाण्यात विरघळवली, त्यावर ॲसिडचे चार थेंब सोडले, आणि ते पिवळं पाणी डोळ्यांदेखत जांभळट गुलाबी झालं. पोरं बाकावर उभी राहिली. मी टेबलावर छडी आपटून पुस्तकी मराठीत म्हणाले, "हा कपड्यांचा रंग आहे. हा पोटात जाणं घातक आहे." मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू! वर्गात माझा शब्द खरा ठरला होता. जिच्या घरात राहते तिच्याच पोटावर आपण पाय देतोय, हे सुचलंच नाही.

शाळा सुटायच्या आत गोष्ट गल्लीत पोचली. मी घरी आले तर मावशी दारातच. कमरेला पदर खोचलेला.

"काहून वो बाई, माह्या गाठीवर काय टाकलं तुमी?"

"ॲसिड टाकलं मावशी. त्यात विषारी रंग आहे."

"इश?" तिचा आवाज गल्लीभर गेला. "मी पोट्ट्यायले इश चारतो? माह्या नातवायच्या गळ्यात मीच गाठी घालतो न बाप्पा! मी सोता चाटतो!"

"तेच तर सांगते. तुम्हीच सगळ्यांत जास्त खाता."

आपली जीभ तिनं दातांखाली धरली, सवय होती तिला. मला वाटलं, आता म्हणते खोली खाली करा. पण ती ओट्यावर बसली आणि हळूच म्हणाली, "मंग मी आता काय करू, ते सांगा. तुमी शिकल्या हाव."

इथं मी थांबायला हवं होतं. 'रंगच घालू नका मावशी, पांढऱ्या गाठ्या करा,' एवढं म्हणायला हवं होतं. पण नुसत्या पांढऱ्या गाठ्यांवर धंदा चालला नसता, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. आणि माझ्या अंगात शिकलेपण मावत नव्हतं. मी म्हणाले, "मी अकोल्याहून चांगला रंग आणते. खाण्याचा. सरकारमान्य."

पुढच्या रविवारी एस.टी.नं अकोल्याला गेले. दोन छोटे डबे आणले, एक लाल, एक पिवळा, दोन्हींवर शिक्का. मावशीनं डबा हातात घेऊन सगळीकडून फिरवून पाहिला. तिला वाचता येत नव्हतं. शिक्क्यावरून बोट फिरवत म्हणाली, "यानं पोट्ट्यायले काई होत नाई ना?"

"नाही. सरकारनं पास केलाय."

"सरकारचं राहू द्या. तुमी सांगा."

"मी सांगते ना मावशी. काही होत नाही."

मग तिनं जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पाक चुलीवर उकळत होता. तिनं चमचा माझ्याकडे केला आणि म्हणाली, "टाका. तुमच्याच हातानं टाका." मी तिच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थबकले. आजवर तिथून आत पाय टाकला नव्हता. "या ना वो, पाक करपून राह्यला," ती ओरडली. मी आत गेले. रंग टाकला. शेजारची एक बाई कठड्यावरून हे बघत होती, ती म्हणाली, "त्यायच्या हातचं? गाठीत? देवाले घालतेत लोकं!" मावशी फिरली तिच्यावर. "रंग सरकारचा हाय, हात बाईचा हाय, गाठ्या माह्या हायेत. तुले घ्याची त घे, नाई त राहू दे." त्या दिवशी तिनं मला चहा दिला तो कपात, हातात. मी खोलीत येऊन रडले. कशासाठी रडत होते ते मला धड सांगता आलं नसतं.

त्यानंतर चार होळ्या झाल्या. डबा संपला की मी अकोल्याहून नवा आणायची. मावशी तो देवळीत ठेवायची, देवाच्या फोटोशेजारी. लाल रंग पहिल्यापेक्षा उजळ यायचा आणि आता तिला भीतीही नव्हती. आधी एकदा चाटायची, आता दोनदा चाटायची. कुणी विचारलं तर छाती काढून सांगायची, "बाईनं आनला हाये. माह्या गाठीत इश-गिश काई नाई." बाजारात मी तिच्यामागून जात असले की मला थांबवून गिऱ्हाइकांना दाखवायची. मला ते आवडायचं. फार आवडायचं.

एका उन्हाळ्यात माझा भाऊ नागपूरहून आला. कॉलेजात शिकत होता, येताना मला वाचायला जुनी इंग्रजी मासिकं आणायचा. दुपारी मी लोळत एक चाळत होते आणि एका पानावर हात थांबला. अमेरिकेनं खाण्याचा एक लाल रंग बंद केला होता. उंदरांना खाऊ घालून पाहिला, शंका आली, बंद केला. खाली रंगाचं नाव. ते नाव मी कुठंतरी वाचलं होतं. कुठं, ते आठवायला मला वेळ लागला नाही. मावशी घरात नव्हती. मी जाऊन देवळीतला डबा उचलला, आणि बारीक अक्षरातलं नाव वाचलं. तेच होतं.

लेख मी किती वेळा वाचला असेन! त्यात लिहिलं होतं, शेजारच्या कॅनडात तोच रंग चालू आहे. इंग्लंडात चालू आहे. एवढंच नाही, अमेरिकेनं त्याच्या जागी जो दुसरा लाल रंग घेतला, त्याच्यावर कॅनडाचा भरवसा नाही, तिथं तो चालत नाही. म्हणजे सीमेच्या अलीकडे जो खाऊ तो पलीकडे विष, आणि पलीकडचा खाऊ अलीकडे विष. माझं डोकं भणभणलं. अरे, उंदरं काय देश पाहून मरतात? पोट तर सगळीकडे एकच आहे ना? आपल्याकडे बंदी आल्याचं मी कुठं वाचलं नव्हतं, दुकानात शिक्क्याचे डबे मिळतच होते. पुढं कधीतरी आपल्या सरकारच्या यादीतूनही त्याचं नाव गेलं म्हणतात. आमच्या गावात ते सांगायला कुणी आलं नाही.

त्या संध्याकाळी मावशीला सांगायचं मी ठरवलं. ती अंगणात बसून तूर पाखडत होती. मी जाऊन तिच्याजवळ बसले. ती म्हणाली, "काय वो बाई, तोंड काहून उतरलं?" मी म्हणाले, "ऊन लागलं." बस. एवढंच बोलले.

का नाही सांगितलं? स्वतःला मी पुष्कळ कारणं दिली. सिद्ध काहीच झालेलं नाही. उंदरांना किती पाजला कुणास ठाऊक. उगाच तिच्या जिवाला घोर. ही कारणं काही खोटी नव्हती. पण खरं कारण कठड्यावरच्या त्या शेजारणीचं तोंड होतं. तिनं काय म्हटलं असतं ते मला ऐकू येत होतं. 'सांगतलं होतं ना, त्यायच्या हातचं घेऊ नोको!' मग माझ्यासाठी उघडलेला तो एक उंबरा पुन्हा बंद झाला असता, आणि माझ्यासाठीच नाही, माझ्या मागून येणाऱ्या कुणासाठीही. असं मी स्वतःला समजावलं. होळी होऊन जाऊ दे, मग सांगू. मासिक ट्रंकेत लुगड्यांच्या तळाशी घातलं. होळी आली. मावशीनं लाल गाठ्या केल्या, चाटल्या, आरशात पाहिलं. मी त्या वर्षी वर्गातल्या पोरांच्या जिभा बघवत नव्हत्या म्हणून दोन दिवसांची रजा घेऊन आमच्या गावी पळाले.

पावसाळ्यात मावशीचं जेवण कमी झालं. घास गिळला की छातीखाली दुखतं म्हणायची. दसऱ्यापर्यंत हाडं वर आली. जावई तिला अकोल्याला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला, मी सोबत गेले. पोटाचा कॅन्सर, फार पुढं गेलेला. मी डॉक्टरांना बाहेर गाठून विचारलं, कशानं झाला असेल? ते म्हणाले, कशानंही होतो बाई, तिखटानं होतो, तंबाखूनं होतो, काही न करता होतो. मी रंगाचं विचारलं. त्यांनी खांदे उडवले. कुणालाच सांगता येणार नाही, म्हणाले. त्या वाक्याला मी आज इतकी वर्षं लटकून आहे. कधी त्यानं धीर येतो, कधी वाटतं त्यापेक्षा त्यांनी सरळ 'हो' म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

तिला घरी आणलं. पौषातली दुपार होती, शाळा सुटून मी तिच्याजवळ बसले होते. लेक पायथ्याशी बसून तिचे पाय चेपत होती. मावशीनं डोळे उघडले.

"बाई, एक इचारू? खरं सांगजा."

मला कळलं ती काय विचारणार.

"माह्या पोटात हे जे झालं, त्या रंगानं त नाई ना झालं?"

खरं उत्तर होतं, 'मला माहीत नाही.' चार शब्दसुद्धा नाहीत. ते उत्तर देता आलं असतं, त्यात कुणाचा अपमान नव्हता. पण मरणाऱ्या माणसाला काय शंकेत मारायचं, असं वाटलं. तिला शांत जाऊ दे, असं वाटलं. मी तिचा हात धरला आणि म्हणाले, "नाही मावशी. रंगानं नाही झालं."

तिनं सुस्कारा टाकला. आणि मग माझ्याकडे नाही, लेकीकडे वळून म्हणाली, "आयकलं ना वं? मंग आता साचे तू घे. रंग बाई आनते तोच. घानी-घानीले चाखून पाहाजो, पोट्ट्याची जीभ रंगली पाह्यजे. अन् बाईचं आयकजो. दुसऱ्या कोनाचं आयकू नोको."

तेव्हा मला समजलं. ती स्वतःसाठी विचारतच नव्हती. तिचं काय व्हायचं ते झालं होतं. ती लेकीसाठी विचारत होती, लेकीनं ती जीभ पुढं चालवावी की नाही, एवढंच तिला माझ्याकडून हवं होतं. आणि मी तिला मरताना बरं वाटावं म्हणून खोटं बोलून बसले होते! त्या क्षणी तोंड उघडता आलं असतं. मावशी अजून जागी होती. लेक माझ्याकडे बघत होती. मी उठले आणि पाणी आणते म्हणून बाहेर गेले.

चौथ्या दिवशी ती गेली. तेरवी झाली, पाहुणे गेले. मग एका सकाळी अंगणातून लाकूड पाण्यात पडल्याचा आवाज आला. लेकीनं साचे भिजत टाकले होते.

मी ट्रंक उघडली, मासिक काढलं आणि तिच्या चुलीपाशी गेले. ती दोरा ओढत होती. मी एका दमात सगळं सांगितलं. अमेरिका, उंदरं, डब्यावरचं नाव, कॅनडा, डॉक्टरांचं 'कुणालाच सांगता येणार नाही', सगळं. मासिकाचं पान उघडून तिच्यापुढं धरलं. तिला इंग्रजी येत नव्हतं, तरी तिनं पान नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत. मागं तिची धाकटी पोर ओट्यावर खेळत होती.

"हे कवा आलं तुमच्याजवळ?" तिनं विचारलं.

"मागच्या उन्हाळ्याच्या आधीच्या उन्हाळ्यात."

ती मोजत असावी. दोरा हातात तसाच.

"मंग मायले काहून नाई सांगतलं?"

तिनं मासिक मिटून माझ्या हातात परत दिलं, अगदी जपून, पान दुमडू न देता. शिवी दिली असती, अंगावर आली असती तर मला सोसलं असतं. ती शांतपणे म्हणाली, "रंग तुमीच आनला. काई होत नाई म्हनून तुमीच सांगतलं. माय मरत होती तवाबी तुमी तेच सांगतलं, म्या सोता आयकलं. आता म्हनता काई सांगता येत नाई. मले सांगा बाई, मी कोनत्या बाईचं आयकू?"

"आजच्या," मी म्हणाले. "आज मी खरं सांगतेय."

"माय त त्या दिवसाच्या बाईचं आयकून गेली," ती म्हणाली, आणि तिनं लाल पाक साच्यात ओतला.